माणूस समोर बसवून

बाबूमामा रांगोळी शिकवताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हा गृहस्थ शिकवायला आलाय की झेंडावंदनाला? विचारलं तर म्हणाले, "हात मोकले ठेवले की दुसऱ्याच्या चित्रात जातात, ताई."

मामा वसईकडच्या कळंबचे. नालासोपाऱ्याच्या एका शाळेत शिपाई होते. निवृत्त झाल्यावरही दिवाळीआधीचे चार रविवार ते शाळेचा हॉल मागून घ्यायचे आणि येईल त्या घराला आपल्या कुटुंबाची रांगोळी काढायला बसवायचे. दिवाळीत तिथेच प्रदर्शन. येणारी घरंही अशी, की लग्नपत्रिकेत नावं कशी छापायची हा प्रश्न पडावा. दोन मुलींना एकट्याने वाढवणारा बाप, नातवाला सांभाळणारे आजोबा, लग्न न करता मूल दत्तक घेतलेली एक नर्स. मामा कुणाची चौकशी करत नसत. "घरात जेवायला कोन कोन बसतं?" एवढंच विचारत. स्वतः मात्र एकटे. एक खोली आणि एक मांजर.

आमच्याकडे जेवायला तिघी: मी, माझी मुलगी सई आणि माझी नणंद शालूताई. सई वर्षाची असताना नवऱ्याने दुसरा संसार थाटला, तेव्हा शालूताई भावाची बाजू सोडून माझ्याकडे राहायला आली. तिचं माहेर कायमचं तुटलं. मी नोकरीवर असताना सईचं सगळं तिनेच केलं. तरी कुणी विचारलं की म्हणायची, "मी काय, नुसती आत्या."

आणि मी काय करावं? प्रदर्शनाला ऑफिसचे लोक येणार, म्हणून लग्नाचा फोटो घेऊन गेले आणि सईच्या शेजारी चक्क नवऱ्याला काढायला बसले. आज लिहितानाही लाज वाटते. शालूताई मुकाट्याने मला रंग चाळून देत होती.

मामा येऊन फोटोवर वाकले. मग सईला म्हणाले, "बाबाचा कान कसा हाय गं?"

सई फोटोत बघू लागली.

"फोटो ऱ्हाऊ दे. आत्याचा सांग."

"उजव्या कानाला दोन भोकं आहेत. वरचं बुजलंय."

मामा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मानूस समोर बसवून काढायचा, ताई. जो बसायलाच येत नाय, त्याच्यासाठी जागा कशाला अडवायची?"

मी पोस्टकार्डाने नवऱ्याला खरवडून काढलं. शालूताई "माझं काय काढायचंय मेलं" म्हणत समोर बसली आणि दोन रविवार तिने मान हलवली नाही. कान सईने काढला. प्रदर्शनात ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "आमच्या घरातली मोठी." शालूताई लगेच पाणी आणायला निघून गेली.

गेल्या वर्षी मामा झोपेतच गेले. स्मशानात आम्ही हॉलवालेच सगळे जमलो होतो. नोंदवही उघडून कारकुनाने विचारलं, "नात्याचं कोण आलंय?"

शालूताई पुढे झाली.

"मी. बहीण."

"सख्खी?"

"हो," ती म्हणाली आणि सही करायला पेन मागितलं.