साहेबाच्या आवाजातली माही अक्कल

"ह्यांच्या लोकांत ही कला उपजतच असते हो. नकला, गाणी, ढोलकी. शिकवावी लागत नाही."

साहेब असं म्हनला, आन् समितीचे तिन्ही मेंबर खदाखदा हसले.

मी समोर बसेल होतो. इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर फाईल घेऊन. इंजिनिअरच्या लायसनची मुलाखत चालू होती. डिग्री असून भागत नाही. साइटवर तुम्ही स्वतःच्या डोक्यानं काय ठरवलं, ते समिती तपासते. आन् ज्याच्या हाताखाली काम केलं, त्यानं बाजूले बसून हो म्हनावं लागते. माह्या बाजूले माहा साहेब बसेल होता. मलकापूरचा मोठा बांधकाम सल्लागार. सात वर्ष त्याच्याकडे घासली म्या.

"स्वतः घेतलेला एक निर्णय सांगा," पुन्याहून आलेला अध्यक्ष म्हनला होता.

म्या डोनगावचं गोदाम सांगतलं. काळी माती, पान्यानं फुगनारी. ठेकेदार अर्ध्यातच पाया भरून राह्यला होता. म्या काम थांबवलं. मुरूम लागेलोक खंदायले लावलं.

अध्यक्षानं साहेबाच्याच मोबाईलवरून त्या कामावरच्या मिस्त्रीले फोन लावला. स्पीकरवर.

"डोणगावला पाया खोल घ्यायला कोणी सांगितलं होतं?"

"मोठ्या साहेबाचा फोन आलता नं जी."

साहेबानं मान हालवली. "हो. मीच."

किती सहज म्हनला! तोंडात बडीशेप टाकावी तसं.

"तो फोन म्या केलता," म्या म्हनलं. "साहेबाच्या आवाजात."

आन् मंगच ते उपजत कलेचं वाक्य आलं.

आता हे आवाजाचं लफडं काय, ते सांगतो. मी लहानपनापासून नकल्या. शाळेत हेडमास्तरच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती म्या, अर्धी शाळा घरी गेली. ऑफिसात एकदा साहेबाची नक्कल करून राह्यलो होतो. तेच खाकरनं, तेच "समजलं का?" साहेब मांगं उभा! मले वाटलं, गेली नोकरी. त्यानं नोकरी नाही घेतली. आवाज कामाले लावला.

डोनगावले मी पह्यले माह्याच तोंडानं सांगतलं होतं, पाया खोल घ्या. मिस्त्री म्हने, "भीमनगरचं पोट्टं आमाले खंदनं शिकवते काय बे?" मी साहेबाकडे आलो. म्हनलं, तुम्ही चला. साहेब सोफ्यावर लोळेल होता.

"तुझं कोण ऐकणार? ऑफिसच्या फोनवरून माझ्या आवाजात सांग."

सांगतलं. खंदलं त्यांनी. "हो साहेब, हो साहेब" करत खंदलं. मले लय हसू आलं तवा. हे लेकाचे माह्याच हुकमावर घाम गाळून राह्यले, आन् यायले माहीत नाही! सात वर्ष तसंच चाललं. साहेब साइटवर जायचाच बंद झाला.

हसू त्या मुलाखतीत गयाले आलं. माहा एकूनएक निर्णय त्याच्या नावावर चढेल होता.

"करून दाखवा ना," अध्यक्ष म्हनला. "खात्री तरी पटू द्या."

केली म्या नक्कल. मले वाटलं, पुरावा होईन. टाळ्या पडल्या.

"वा! तुम्ही इंजिनिअर कशाला झालात? आता माझी करा."

तेवढ्यात साहेबाचा मोबाईल वाजला. मिस्त्रीच, आता तो साहेबाच्याच दुसऱ्या साइटवर होता. साहेबानं उचलला. स्पीकर तसाच चालू राहेल होता.

"साहेब, मघाशी इचारायचंच राह्यलं. सुलतानपूरच्या सभागृहाचं. काल पानी पडलं. सेंट्रिंगच्या दोन बल्ल्या भरावात खाली गेल्या. माल मिक्सरात हाय. टाकू का स्लॅब?"

साहेबानं सवयीनं फोन माह्याकडे सरकवला. समितीसमोर! डोयानं खुनावलं, बोल.

म्या दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"अरे, घे ना," तो दात आवळून म्हनला.

नाही घेतला. मंग त्यानं स्वतःच खाकरलं. "चालू द्या, चालू द्या."

खालचे टेकूच खचेल होते. त्या स्लॅबवर मान्सं चढनार होते. मी उठलो आन् माह्या, भीमनगरच्या आवाजात वरडलो, "मिस्त्री, टाकू नका! सगळ्यायले खाली उतरवा. भराव ठोका, बल्ल्याखाली फळ्या द्या, लेवल पाहा. तवलोक घमेलंबी उचलू नका!"

"कोन बोलून राह्यलं?"

म्या नाव सांगतलं. आडनावासकट.

मंग मिस्त्री म्हने, "साहेब, तुमी सांगा. काय करू?"

साहेबानं फोनवर हात ठेवला आन् मले हळूच इचारलं, "काय सांगू?"

तिघायनंबी आयकलं.

"लायसन तुमच्याकडं हाय नं," म्या म्हनलं.

"थांबवा मग," तो फोनात म्हनला. पडेल आवाजात. तो आवाज मले कधीच काढता आला नसता.

तुमाले वाटन, आता मले लायसन भेटलं. कायचं भेटते! निकाल आला: "स्वतंत्र निर्णयक्षमता दिसून आली नाही. वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली आणखी अनुभव घ्यावा." कानानं आयकून कागदावर नाही म्हननारे लोक हायेत हे.

म्या नोकरी सोडली. आन् त्याच समितीकडे तक्रार टाकली. ज्या साइटा या मानसानं पाह्यल्याबी नाहीत, त्याच्यावर हा सह्या करते. याची मुलाखत घ्या. मले समोर बसवा.

परवा साहेब घरी आला. भीमनगरात. गाडी नाल्यापाशी लावून, पँट वर धरून चालत आला. मायनं खुर्ची टाकली. म्या उचलून आत नेली.

"तक्रार मागे घे," उभ्यानंच म्हनला. "पुढच्या वेळेस मी स्वतः सांगतो समितीला. लागेल तिथं सही देतो."

सात वर्ष मी याच सहीची वाट पाह्यली होती.

"मले तुमची सही नको, साहेब. माहं लायसन दहा वर्षानं येऊ द्या, नाहीतर नको येऊ. पन तुमची सही या जिल्ह्यात चालली नाही पाह्यजे. मी तेच काम धरलं आता."

तो मायकडं पाहून म्हनला, "समजावा जरा पोराला."

माय म्हने, "समजेल हाय तो."