तळातला डबा

राइस मिलमध्ये धानाची पोती तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, पार तळापर्यंत न्यायची आणि आतला दाणा हातावर घेऊन पाहायचा. वर टपोरं धान आणि खाली पोचट, हे इतक्यांदा पाहिलं की वर दिसणाऱ्या कशावरही माझा विश्वास उरला नाही.

बायकोला डीएसएलआर घ्यायचा होता. केशोरी गावातल्या एका लग्नात हळदीचे फोटो काढायचं काम तिला मिळालं होतं. बायांच्या घोळक्यात पुरुष फोटोग्राफर नको, असं नवरीच्या आईचं म्हणणं. तिचं हे पहिलंच काम. ते नीट झालं असतं तर आणखी चार घरची हळद तिच्याकडे आली असती.

मी महिनाभर मोबाइलवर दोन कॅमेऱ्यांची तुलना करत बसलो. एकाबरोबर दोन लेन्स, दुसऱ्याबरोबर एकच. पण तो कमी उजेडात चांगला म्हणे. म्हणे! व्हिडिओत सांगणाऱ्याला कॅमेरा फुकट मिळाला नसेल कशावरून? गोंदियातल्या दुकानात तर बॅगही फुकट, कार्डही फुकट. कुठंतरी पाणी नक्कीच मुरत होतं.

बायकोनं दोन्ही कॅमेरे हातात धरून, डोळ्याला लावून पाहिले. "मले हा एका लेन्सवाला बरा वाटते. मांडवात उजेड कमी रायते," ती म्हणाली. मी मान हलवली, पण माझं लक्ष दुकानदाराच्या हातांकडे होतं. तो डब्यांच्या चळतीतला सगळ्यात वरचा डबा काढत होता.

"वो नहीं. सबसे नीचेवाला दो," मी म्हणालो.

"भैया, ऊपरवाला नया माल है. नीचेवाला कब से पड़ा है."

तो हे इतक्या कळवळ्यानं म्हणाला की वरच्या डब्यातच खोट आहे, अशी माझी खात्रीच पटली. बायकोनं माझं कोपर दाबलं. "वरचाच घ्या ना जी. खरं सांगून रायला तो."

"तुले नाही समजत," मी म्हणालो आणि तळातला डबा घेऊन निघालो.

हळदीच्या आधी तिनं बॅटरी पूर्ण चार्ज केली होती. नवरीला हळद लागायला सुरुवात झाली, दहा-बारा फोटो निघाले आणि कॅमेरा बंद पडला. तळातल्या डब्यात पडून पडून बॅटरी मेली होती. नवरीच्या आईनं पाहुण्यांतल्याच एका कॅमेरेवाल्या माणसाला बोलावलं. तो आत शिरताच बायांनी पदर सावरले, गाणं थांबलं, आणि बायको भिंतीला टेकून उभी राहिली. मांडवाबाहेरून मी ते सगळं पाहत होतो. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी गाडीवरून उतरल्यावर ती म्हणाली, "दुकानदारावर भरोसा नोका ठेवू. पण माह्यावर कायले नाही ठेवला?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला कधी खोटा दाणा दाखवला नव्हता. तरी मी तिलाही तपासतच आलो होतो.