अकरा चाळीसचा ब्लॉक

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. आज तुम्ही माझी करा...

अहेरीपासून दहा किलोमीटरवर आमचं गाव. मी घरूनच प्रोग्रामिंगचं काम करतो. मोहफुलांचे दिवस होते. त्या सकाळी जुना कॉम्प्युटर आणि लॅपटॉप वायरने जोडून मी ब्लॉकचेनचं टेस्ट नेटवर्क उभं करत होतो. काळ्या स्क्रीनवर कमांड टाकायच्या, एका मशीनने ब्लॉक, म्हणजे नोंदींचा गठ्ठा, बनवायचा आणि दुसऱ्याने तपासून घ्यायचा. प्रत्येकात मी एक ओळ लिहीत होतो – 'चाचणी एक', 'चाचणी दोन'. इंटरनेट जोडलेलंच नव्हतं.

बाबा टोपली घेऊन दारात आले.

"चाल ना माह्यासंग मोहा वेचाले. काल नाल्यापाशी अस्वल दिसलं. दोघं असलो तं बोलत बोलत जाऊ, आवाजानं ते दूर राह्यते."

"आज नाई बाबा, हे सेट करून राह्यलो."

"तुयं ते रोजचंच हाये," म्हणाले आणि निघाले.

नऊच्या सुमारास लॅपटॉपने एक ब्लॉक नाकारला. कारण दिलं होतं, वेळ भविष्यातली. ब्लॉकवर त्याच दिवशीचे अकरा चाळीस होते. आणि आतली ओळ – 'बाबा, मी याले पाह्यजे होतं.'

घरात मी एकटाच. मी असलं काही लिहिलं नव्हतं. पण खरं सांगतो, भीती वगैरे वाटली नाही. म्हटलं, आपण सोबत यायला हवं होतं हेच डोक्यात घोळत होतं, टाइप झालं असेल हातून... आणि कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं असणार! घड्याळ तपासलं. सेकंदाचाही फरक नव्हता. तरी बंद कर, चालू कर, पुन्हा तपास, यात अडीच तास घालवले. नाला घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

गावातल्या लोकांनी बाबांना खाटेवर घालून अंगणात आणलं. अस्वलाने चेहरा आणि उजवा हात फाडला होता. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि तोंडातून निघालं, "बाबा, मी याले पाह्यजे होतं." पाणी आणायला आत धावलो तेव्हा लॅपटॉपवरच्या घड्याळाकडे नजर गेली. अकरा चाळीस.

बाबा वाचले. उजवा डोळा गेला, जेवतात डाव्या हाताने. मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट म्हणतात, "बरं झालं तू नव्हता, तुलेबी धरलं असतं."

तो ब्लॉक कसा आला, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण तो मी वेळेवर वाचला होता आणि तरी जागचा उठलो नाही... हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.