रंजू दाराबाहेर बसली

बपेऱ्याची रंजू पुण्याला जाऊन नाचायचं एम.ए. करते, असं तिचा काका धनराज चौकात सांगायचा आणि टपरीवरचे दात काढायचे. एकदा मी तिथंच उभी होते. म्हटलं, "धनराजभाऊ, मनाचं दुखणं अंगाच्या हालचालीतून मोकळं कसं कराचं, ते शिकून राहिली पोरगी. संग समुपदेशन बी. तिले पयला पेशंट म्हणून तुमची जीभ देऊ का?"

रंजू हे शिकायला गेली ती आईसाठी. तिचे वडील श्यामलाल नदीच्या पुरात अडकलेलं जाळं सोडवायला गेले ते परत आले नाहीत. रंजूची आई रेवताबाई तेव्हा काठावर उभी होती. रडली नाही. खांदे कानांपर्यंत ओढले गेले, ते तसेच राहिले. मासे धरण्यात जिचा जन्म गेला ती बाई घाटाची शेवटची पायरी उतरेना. बाजारात दुसऱ्यांनी धरलेले मासे विकायची, तेही नदीकडे पाठ करून. गोळ्यांनी झोप आली, खांदे खाली आले नाहीत.

रंजू शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचायची तेव्हा हीच बाई पहिल्या रांगेत बसून पायानं ठेका धरायची. तेवढ्या आठवणीवर पोरीनं कोर्स शोधला. "मावशी, तो पाय मले पुन्हा हललेला पाहाचा आहे," मला म्हणाली होती.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी ती नाकाडोंगरीला आली. मी आमच्या बुद्धविहाराचा हॉल मिळवून दिला, बाया गोळा केल्या. पहिल्याच दिवशी शकुनबाईनं तोंड उघडलं, "आमचं आंग का कमी हलते का वं पोरी? सकाळपासून हलूनच राहिलं."

"ते कामासाठी हलते, मावशी. इथं तुमच्यासाठी हलवू."

रंजूनं काही शिकवलंच नाही. शकुनबाईनं वैतागून हात झटकला, तिनंही तसाच झटकला. शकुनबाईनं जोरात झटकला, तिनंही. होता होता अख्खा हॉल हात झटकत हसत होता, आणि मध्येच शकुनबाई रडायला लागली. रंजू तिच्यासमोर बसली, तिच्या श्वासाला श्वास देत. काहून रडते, हे विचारलं नाही. (हे लिहू का, असं मी शकुनबाईला विचारलं. "लिही, नाव बी टाक," म्हणाली.)

ते पाहिलं आणि पुढच्या खेपेला मी रेवताबाईला एसटीत बसवून घेऊन आले. रंजूला सांगितलं नाही. दारात आईला पाहून पोरीचा चेहरा उतरला.

"आई, तुले मी या गटात नाही घेऊ शकत."

रेवताबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि स्टँडच्या रस्त्याला लागली.

मी भडकले. "परक्या बायांसंग रडतेस, अन् मायले दारातून वापस? कोणत्या कामाची तुही डिग्री?"

रंजूचे डोळे भरले. "पयल्याच वर्षी सांगतात मावशी, घरच्या माणसाचं नाही कराचं. मी बी शिकवणाऱ्या बाईसंग भांडली. म्हटलं, मग कायले आली मी इथं? मग समजलं. मी आईसमोर उपचारवाली होऊन बसली, तर तिची पोरगी कोण होईल? अन् बाबा तर माहे बी गेले ना. माह्या चेहऱ्याकडे पाहून ती आपलं रडणं पुन्हा गिळून घेईल."

ती धावत स्टँडवर गेली, मी मागोमाग. आईशेजारी बाकावर बसून म्हणाली, "माह्यासंग शिकते ते रत्नमाला. लाखांदूरची. तिच्याकडे येशीन का?"

रेवताबाई तिच्याकडे वळली. "अन् तू कुठं राहशीन?"

"दाराबाहेर."

रत्नमाला येऊ लागली. विहारामागच्या खोलीत ती आणि रेवताबाई, बाहेर पायरीवर रंजू. एकदा मी खिडकीपाशी कान नेला तर तिनं माझा पदरच ओढला. "सरका मावशी."

"तुले तरी सांगते का रत्नमाला?"

"नाही. मी विचारतच नाही."

एका दुपारी आतून रडणं आलं. रेवताबाईचं, गळा फाडून. रंजू उठली. दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला. मग ती परत फिरली, पायरीवर बसली आणि आईच्या चपला उचलून मांडीवर घेतल्या. दार उघडेपर्यंत त्या तिनं सोडल्या नाहीत.

रेवताबाई बाहेर आली. चेहरा सुजलेला. "भूक लागली," एवढंच म्हणाली. रंजूनं डबा उघडला.

त्या दिवशी मी त्यांच्यासोबत बपेऱ्यापर्यंत गेले. उतरल्यावर रेवताबाई घराकडे न वळता घाटाकडे वळली. शेवटच्या पायरीवर उभी राहिली, लुगडं वर खोचलं आणि घोट्यापर्यंत पाण्यात उतरली. पाय पाण्यात हळूच हलवून पाहिला.

रंजू वरच थांबली होती. "येऊ का?"

"ये ना वं. कायले विचारते?"

रंजू उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. मोठ्यानं रडली, लहान पोरीसारखी. कोणाच्या श्वासाकडे लक्ष द्यायचं नव्हतं तिला. रेवताबाईचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

दोघींच्या चपला पायरीवर पडल्या होत्या. त्या मी राखल्या.