काळ्या पुस्तकांचा वाचक

माणसाच्या चांगुलपणावर आमच्या मोटारसायकल मेकॅनिक चाचांइतका अविश्वास अख्ख्या केजमध्ये दुसऱ्या कुणी दाखवला नसेल. मी इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. चाचा दर शुक्रवारी नमाजानंतर यायचे, पुस्तकांना ग्रीस लागू नये म्हणून बोटं रुमालात गुंडाळून कपाटापुढे उभे राहायचे आणि विचारायचे, "सर, ह्याच्यात कोणी चांगला माणूस तर न्हाई ना?" त्यांना खुनाच्या कादंबऱ्या लागत, त्याही काळ्याकुट्ट. शहर सडलेलं, पोलीस विकला गेलेला, जीव लावणारी बाई दगाबाज आणि शेवटी कुणीच जिवंत उरत नाही, अशा. एकदा तर एक पुस्तक त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत आणलं. "ह्यातला इन्स्पेक्टर लई इमानदार हाय. लिवणारा कधी घराबाहेर पडलेला दिसत न्हाई." आणि सगळी दुनिया चोर आहे हे मला तासभर पटवून देताना त्यांचं दुकान मात्र सताड उघडं असायचं, पान्ह्यांची पेटी रस्त्यावर.

गेल्या वर्षी चाची आजारी पडल्या, महिनाभर बीडच्या दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा चाचा खाटेशेजारी बसून त्यांना कादंबरी वाचून दाखवत होते. चाचींना लिहिता-वाचता येत नव्हतं. "जलमभर ह्या पुस्तकांत काय बगत व्हते, ते तरी कळू द्या म्हटलं," त्या मला म्हणाल्या. ते पुस्तक मी वाचलेलं होतं. त्यातली बाई पुलाखाली एकटी पडून मरते. चाचा वाचत होते, "तेवढ्यात तिचा नवरा आला. त्यानं तिला उचललं, गाडीवर बसवलं..."

"पोचले का वेळेवर?" चाचींनी विचारलं.

"पोचले की," पान उलटत चाचा म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते ओशाळले. "अंधार लिवणाऱ्यानं बराबर लिवलाय, सर. पण तिच्यासमोर कसा वाचू?"

चाची गेल्या. चाळिसावा झाल्यावर चाचा वाचनालयात आले. मी एक हलकंफुलकं पुस्तक पुढे केलं, तर त्यांनी मान हलवली. "काळंच द्या. घरी जो येतो तो समजूत घालतो. ही पुस्तकं तरी समजूत घालत न्हाईत." मी दिलं. जाता जाता ते दारात थांबले. "तिचं नाव मेंबरात लावता येईल का, सर?"

नियमात बसत नव्हतं. मी अर्ज काढला आणि भरायला घेतला. 'वाचनाची आवड' या रकान्याशी आल्यावर माझा पेन अडला. मी तो चाचांना वाचून दाखवला.

"लिवा," ते म्हणाले, "कोणी तरी वेळेवर पोचतं, असली पुस्तकं."