बसाताईंची उशी

आमच्या दुकानात बसायचा हक्क फक्त गिऱ्हाइकाला. शटर वर गेलं की खाली येईपर्यंत आम्ही सगळ्या उभ्या. मालकांचं म्हणणं, नोकर बसलेला दिसला की दुकान झोपल्यासारखं वाटतं. स्वतः ते काचेच्या केबिनमध्ये फिरत्या खुर्चीत बसून हे सांगतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

मी पर्सच्या काउंटरला. माझ्या समोरच बुटांचा विभाग, आणि तिथे बसाताई. हे काही त्यांचं खरं नाव नाही. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच शब्द, म्हणून पडलेलं नाव. "या, बसा. बसा ना काका. बाळाला इथे बसवा." गिऱ्हाइकाला मऊ बाक, त्याच्या पायाखाली ठोकळा, आणि ताई फरशीवर गुडघे टेकून. बूट चढवायचा, नाडी बांधायची, अंगठा कुठे येतोय ते दाबून बघायचं, उठून आतून दुसरा नंबर आणायचा, पुन्हा टेकायचं. तरुणपणी कामाला लागल्या तेव्हा मालकांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं, की गिऱ्हाईक दिसलं की आपण उठायचं आणि त्याला बसवायचं. बसलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उठत नाही. म्हातारा कधीच गेला, त्याची शिकवण मात्र ताईंच्या अंगात मुरून राहिली.

त्यापायी गुडघे गेले. फरशीवरून उठताना ठोकळ्याला धरून त्या "आई गं" म्हणायच्या, तेही ओठ न हलवता, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं बाई हसतेय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बसून करायचं काम बघा, नाहीतर थोड्याच दिवसांत चालायला दुसऱ्याचा खांदा लागेल. दुसऱ्याचा खांदा आणायचा कुठून? नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच. "आमच्या घरी बसायचं खातं ह्यांच्याकडे," ताई म्हणायच्या. "सगळ्यांच्या वाटचं तेच बसतात." पोरगी अजून शाळेत. ताई आडव्या झाल्या तर त्या घरात कोण काय शिजवणार होतं आणि कशाच्या जिवावर, देव जाणे.

अख्ख्या दुकानात नोकराला बसायची एकच जागा, ती म्हणजे पॅकिंगचं काउंटर. तिथे एक लाकडी स्टूल होतं. पूर्वीचे पॅकिंगवाले काका एका पायाने अधू, म्हणून जुन्या मालकांनी त्यांना दिलेलं. काका सुट्ट्यांच्या सीझनच्या तोंडावरच काम सोडून मुलाकडे राहायला गेले, आणि स्टूल रिकामं झालं. आम्हा सगळ्यांची नजर त्याच्यावर गेली, खोटं कशाला बोलू. पण कुणीही तोंड उघडलं नाही. ते ताईंचंच, असं न बोलता ठरलं.

ताईंसाठी मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, "सीझन होऊ दे, मग बघू."

हे 'मग बघू' आम्हाला पाठ होतं. दर सीझनला हा माणूस कोपराला गूळ लावतो आणि आम्ही आपल्या जीभ बाहेर काढून बसतो. छे, बसतो कुठल्या, उभ्याच असतो! सुट्ट्या लागायच्या आधीचे ते आठवडे म्हणजे नुसता वैताग. वर भोंग्यातून तेच एक गाणं, दारात रेटारेटी, पोरं फरशीवर लोळतायत, कुणाचा एकच बूट हरवलाय, कुणी बाई सगळी खोकी उघडायला लावून शेवटी मोजे घेऊन जातेय. त्यात एक दिवस ताई टेकल्या त्या उठेचनात. समोर गिऱ्हाईक पाय पुढे करून बसलेलं, आणि ह्या ठोकळ्याला धरून डोळे मिटून तशाच. मी काउंटर टाकून धावले, काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि तशीच मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिले.

"ताईंना आज पॅकिंगला बसवा," मी म्हटलं. "नाहीतर उद्या त्यांना उचलून न्यायला माणसं लागतील, आणि ती मी ऐन गर्दीत पुढच्या दारातून आणीन."

गर्दी ऐकत होती. त्याचा चेहरा पडला. "बरं, बरं, आवाज खाली. उद्यापासून सीझन संपेपर्यंत बसवून बघू. जमलं तर कायम."

ताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "अगं, खरंच बसायचं? दिवसभर?" असं विचारलं त्यांनी मला. हसावं की रडावं तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून उशी घेऊन आल्या. पोरीने शिवलेली. घरातल्या जुन्या पडद्याचं निळं कापड, आत कापूस, कडेला वेडेवाकडे टाके. "लाकूड टोचेल म्हणाली," ताई सांगत होत्या, आणि ती उशी जिने तिने हातात घेऊन दाबून बघितली. ताईंनी ती स्टुलावर ठेवली, पदराने झटकली आणि बसल्या. देवाशपथ सांगते, मला भरून आलं.

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं, आणि ताई उभ्या!

"बसा," मी लांबूनच दात-ओठ खाऊन म्हटलं. बसल्या. दुसरं आलं, पुन्हा उभ्या. कागद कापायचा उभ्याने, फीत बांधायची उभ्याने. गिऱ्हाईक वळलं की टेकायचं, पुढचं दिसलं की उठायचं. सीझनमध्ये पॅकिंगला गिऱ्हाइकांचा खंड कुठला पडायला! बुटांच्या विभागात उठत नसतील तेवढ्या वेळा त्या इथे उठल्या. दुपारी चहाच्या वेळेला मी त्यांना चांगलंच झापलं.

"तुम्हाला काय वेडबीड लागलंय? कात्री बसूनही चालते!"

"कळतं गं," त्या म्हणाल्या. "पण कुणी समोर उभं राहिलं की बुडाखाली निखारा ठेवल्यासारखं होतं. लाज वाटते."

"कसली लाज? मालकांना वाटते का?"

त्या चहा तसाच टाकून काउंटरला गेल्या. जित्याची खोड म्हणतात ती हीच. पण मी ठरवलं होतं, सीझन संपेपर्यंत ह्या बाईला बसायला शिकवायचंच. समोरून डोळे वटारायचे, बोटाने खुणा करायच्या. हळूहळू लागलं की वळण! फीत बांधताना बसायला लागल्या. मग कागद कापतानाही. एकदा तर गिऱ्हाईक समोर असताना बसून त्याच्याशी बोलल्या, आणि माझ्याकडे अशा बघून हसल्या, जणू परीक्षा पास झाल्या.

मग आला गर्दीचा मोठा दिवस. दुकानात मुंगीला शिरायला जागा नाही, आणि मालक स्वतः खाली उतरलेले. पॅकिंगच्या रांगेत एक आजोबा होते, नातवंडांसाठी घेतलेली खोकी छातीशी धरून. पाय लटपटत होते, कपाळाला घाम. रांग काही हलेना. ताईंनी त्यांना बघितलं. मी लांबून बघत होते आणि मला आधीच कळलं. मी मान हलवली, नको, नको. पण त्या उठल्या, उशीसकट स्टूल उचललं, काउंटरच्या बाहेर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा ना, काका."

आजोबा बसले. "देव तुमचं भलं करो," म्हणाले. बसल्या बसल्या त्यांना मागच्या रॅकवरच्या बाहुल्या दिसल्या आणि त्यांनी आणखी दोन मागितल्या.

मालकांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी आम्हाला रांगेत उभं केलं. मालक म्हणाले, "काल ताईंनी दाखवून दिलं. माझे वडील हेच सांगायचे. गिऱ्हाइकाला बसवा! मला आजवर सुचलं नाही बघा. आजपासून ते स्टूल गिऱ्हाइकाच्या बाजूला. ताईंसाठी टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मॅनेजरने सगळ्यात जोरात वाजवल्या. मी म्हटलं, "आणि ताईंना बसायला?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रेमाने ताईंकडे. "काय ताई, हवंय का दुसरं स्टूल? तुम्ही तर मला नेहमी उभ्याच दिसता."

बोला ना, मी मनात ओरडत होते. अहो, एकदा तरी तोंड उघडा! ताईंनी पदर नीट केला. सगळे बघत होते. जुन्या मालकांचं नाव निघालं होतं, टाळ्या झाल्या होत्या. "नको साहेब," त्या म्हणाल्या. "चालतंय मला."

मला त्यांचा इतका राग आला की दिवसभर मी बोलले नाही. कुणाचा राग कुणावर काढत होते, माझं मलाच ठाऊक. बिचाऱ्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत कागद कापत होत्या. उशीवर माणसं येऊन बसत होती, पिशव्या ठेवत होती, एका पोराने तर तिच्यावर बूट पुसले. सीझन संपला. मॅनेजर म्हणाला, पॅकिंगला आता एवढं काम नाही, पॅकिंग बिलवाली करेल, ताईंनी आपल्या बुटांकडे जावं. ताई गेल्या. स्टूल तिथेच राहिलं, गिऱ्हाइकांसाठी.

उशी मळली म्हणून त्या धुवायला घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आणली ती टम्म फुगलेली. मी विचारलं, हे काय?

"पोरीने बघितली," ताई म्हणाल्या. "म्हणाली, आई, बसून बसून चपटी केलीस की गं! इतकी खूश झाली. रात्री माझे गुडघे चेपतानाही म्हणत होती, आता बरे होतील. स्वतःच्या उशीतला कापूस काढून भरला हिच्यात."

"मग सांगितलंत का तिला?"

ताईंनी उशी उचलली. दारातून पहिलं गिऱ्हाईक आत येत होतं. त्यांनी जाऊन उशी स्टुलावर ठेवली, पदराने झटकली, आणि बुटांकडे येऊन ठोकळ्याला धरून फरशीवर गुडघे टेकले.

"या," त्या म्हणाल्या, "बसा."