बिल्ल्यांची फळी

सकाळी बोट धक्क्याला लागली, की बिल्लेमास्तर शिडीच्या तोंडाशी असे उभे राहत, जणू येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी लंपास करण्याच्या इराद्यानेच आला आहे. शहर समुद्रकाठचे, उष्ण आणि घामट. पाठीशी दाट पावसाळी जंगलाने झाकलेले डोंगर, समोर समुद्रात प्रवाळाची लांबलचक रांग. पाहुणे आदल्या दिवशी जंगल पाहून येत आणि दुसऱ्या दिवशी तिथला लाल चिखल बोटीच्या घासूनपुसून ठेवलेल्या डेकवर उमटवीत प्रवाळ पाहायला निघत. तो चिखल बिल्लेमास्तरांच्या डोळ्यांत खुपे.

"जोडे काढा. इथे. तिथे नव्हे, इथे!"

त्यांचे काम बिल्ले वाटण्याचे. प्रत्येक पाहुण्याला ते आकडा कोरलेला एक पितळी बिल्ला देत. बोटीच्या मागच्या बाजूला, पाण्यात उतरायच्या शिडीशेजारी, खिळ्यांची एक फळी होती. उतरताना बिल्ला फळीला लावायचा, वर आल्यावर काढून घ्यायचा आणि धक्क्यावर परत करायचा. फळीला बिल्ला आहे, तर तो माणूस पाण्यात आहे. फळी रिकामी, तर सगळे बोटीवर आहेत आणि घंटा वाजवून बोट सोडायला हरकत नाही. ही पद्धत बिल्लेमास्तरांनीच घालून दिली होती. फळीवरची अक्षरेही त्यांचीच, पट्टी लावून रंगवलेली: "बिल्ला न लावता जो पाण्यात उतरेल, त्याला या बोटीवर पुन्हा जागा नाही." हे वाक्य ते रोज सकाळी खड्या आवाजात म्हणत, आणि ते म्हणताना कोणी हसले, तर पुन्हा म्हणत.

बोटीवरच्या माणसांना मात्र बिल्ले नव्हते. स्वयंपाकाच्या खोपटात चहापाणी पाहणारी त्यांची भाची, म्हणजे बायकोच्या भावाची मुलगी, एकदा म्हणाली होती, "आतोबा, आपल्यालाही एकेक बिल्ला हवा. बाबा बोटीखालचा पंखा साफ करायला उतरतात, तुम्हीही उतरता."

"मी काय उतारू आहे? घरच्या माणसाने घरात शिरताना दार वाजवायचं का?"

तो विषय तिथेच मिटला.

बोटीचा कप्तान, म्हणजे भाचीचा बाप, हा त्यांचा धाकटा मेहुणा. काही वर्षांपूर्वी भरल्या बोटीत, सगळ्यांच्या देखत, तो म्हणाला होता, "दाजी, तोंड आवरा. ही माणसं आहेत, मेंढरं नव्हेत." त्या दिवसापासून दोघांत शब्द नव्हता. एकमेकांचे कोपर लागेल इतक्या जवळ उभे राहूनही दोघे भाचीच्या तोंडून बोलत.

"तुझ्या बापाला सांग, मागचा दोर सैल आहे."

"त्यांना सांग, मला डोळे आहेत."

"सांगितलं आतोबा. आणि दोघांनाही ऐकू आलंय," असे म्हणून भाची कपबशा जरा जास्तच आपटत असे.

त्या सकाळी मात्र कप्तानाने निरोप पाठवला तो निराळा होता. "त्यांना सांग, काल पुन्हा तक्रार आली. आज एकाशीही वाजलं, तर उद्यापासून धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत बसायचं. बोटीवर यायचं नाही."

तिकीटखिडकी म्हणजे पत्र्याची खोली, एक खडखडणारा पंखा, आणि बसणाऱ्याची पाठ समुद्राकडे. बिल्लेमास्तर मिसरूड फुटायच्या आत बोटीवर चढले होते. जमिनीवर कसे दिवस काढतात, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि शिकायचेही नव्हते. ते पितळी बिल्ले फडक्याने पुसत राहिले.

तेवढ्यात रुंद टोपी घातलेला एक गृहस्थ बायकोसह आला. बायको पुढे, हा दहा पावले मागे, आणि दोघांची तोंडे दोन दिशांना. बिल्ला हातावर पडताच तो म्हणाला, "हे काय, गुरांच्या गळ्यात बांधतात तसलं?"

"गुरं सांगितलेलं ऐकतात," बिल्लेमास्तर बोलून गेले.

गृहस्थाची बायको खळखळून हसली. त्यामुळे तो आणखी भडकला. वरून कप्तान पाहत होता. बिल्लेमास्तरांनी जिभेवर आलेले पुढचे वाक्य कडू औषधासारखे गिळले.

प्रवाळापाशी बोट नेहमीच्या नारिंगी पिंपाला बांधली. ते पिंप तिथे कायमचे तरंगत असे, म्हणजे नांगर टाकून प्रवाळाचा चुरा व्हायला नको. एकेकजण फळीला बिल्ला लावून पाण्यात उतरला. टोपीवाल्याने आपला बिल्ला खिळ्यावर असा आदळला, की खिळा वाकावा.

पाणी ओसरू लागले, वारा फिरला, तशी माणसे परत आली. बिल्ले निघाले. एक राहिला. टोपीवाल्याचा.

बिल्लेमास्तरांनी त्याच्या बायकोला गाठले. "तुमचे यजमान कुठे आहेत?"

"मला काय विचारता? सकाळपासून आमचं बोलणं बंद आहे."

खरे तर त्याच क्षणी बोटभर हाक मारायला हवी होती. वरच्या मजल्यावर पाहायला हवे होते. परंतु फळी सांगत होती, की तो पाण्यात आहे, आणि फळी चुकते हे बिल्लेमास्तरांच्या डोक्यात शिरणे शक्यच नव्हते. त्यांनी पाण्यावर नजर फिरवली. प्रवाळाच्या पलीकडच्या कडेला काहीतरी पिवळे वरखाली होत होते, श्वास घ्यायच्या नळीच्या टोकासारखे.

कप्तानाला सांगावे, तर त्याच्याशी बोलावे लागणार. भाचीकरवी सांगावे, तर सगळी बोट गोळा होणार, टोपीवाला बाहेर येऊन आरडाओरडा करणार, आणि उद्या पत्र्याची खोली. त्यापेक्षा गुपचूप जावे, त्याच्या बखोटीला धरून आणावे, कानोकान खबर नको. त्यांनी सदरा काढला, पायांत रबरी पंख चढवले आणि कोणालाही न सांगता शिडीवरून उतरले.

पिवळे जे होते, ते एक फुटके डबडे होते.

इकडे टोपीवाला वरच्या मजल्यावर तोंडावर टोपी ठेवून घोरत होता. प्रवाळाला गुडघा खरचटला म्हणून तो केव्हाच परतला होता. "त्या म्हाताऱ्याचं थोबाड पुन्हा बघायला नको," म्हणून मागची शिडी टाळून, बोटीवरच्या माणसांसाठी असलेल्या पुढच्या शिडीने वर चढला होता. जाग आल्यावर तो खाली उतरला, बिल्ला खिळ्यावरून ओढून खिशात टाकला आणि लिंबूसरबत मागायला गेला. भाचीने मागे येऊन पाहिले. फळी रिकामी. तिने शिडी वर ओढून घेतली आणि घंटा वाजवली.

बिल्लेमास्तरांनी घंटा ऐकली. ते ओरडले, हात हलवले, ठेवणीतल्या शिव्या घातल्या. इंजिनाने त्या सगळ्या गिळल्या. बोट वळली आणि लहान लहान होत गेली.

कसेबसे पोहत त्यांनी नारिंगी पिंप गाठले आणि त्याच्या कडीला मिठी मारली. ऊन डोक्यावर. दूर शहराची पांढरी किनार, तिच्यावर काळेहिरवे डोंगर, डोंगरांवर ढग. पायाखाली ते प्रवाळ, जे पाहायला माणसे समुद्र ओलांडून येतात. बिल्लेमास्तरांनी एकदा खाली पाहिले. एक निळा मासा त्यांच्या अंगठ्याला टोचा मारत होता. "चालता हो," ते म्हणाले.

धक्क्यावर काय घडले, ते त्यांना नंतर कळले. बोट लागली, माणसे हातांत बिल्ले घेऊन शिडीपाशी खोळंबली, आणि "बिल्ले!" असा खेकसण्याचा आवाज आलाच नाही. "हे कुणाला द्यायचे?" असे कोणीतरी भाचीला विचारले. ती धावत कप्तानाकडे गेली. कप्तानाने उरलेल्यांना अक्षरशः धक्क्यावर ढकलले आणि बोट फिरवली.

पिंपाजवळ बोट आली तेव्हा कप्तान स्वतः शिडी सोडायला मागे आला होता. बिल्लेमास्तर तीन पायऱ्या चढले आणि दम लागून थांबले.

"शिडी कुणी काढली?" त्यांनी विचारले. इतक्या वर्षांनी मेहुण्याशी थेट बोललेले हे पहिले वाक्य.

"तुम्ही कुणाला विचारून उतरलात?"

"माणूस राहिला होता."

"तो वर झोपला होता! मला एक हाक मारली असती, तर जीभ झडली असती का, दाजी?"

"फळीवर बिल्ला होता."

"आणि तुमचा? तुमचा कुठे होता?" कप्तानाचा आवाज चिरकला. "फळी मोकळी होती म्हणून मी निघालो. माझ्या मुलीने घंटा वाजवली. तुम्ही बुडाला असतात, तर ती जन्मभर काय घेऊन जगली असती? फळीवर काय लिहिलंय, वाचा."

बिल्लेमास्तरांनी वाचले नाही. अक्षरे त्यांचीच होती. मग कप्तानाने वाचले, मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत, अगदी बिल्लेमास्तरांच्याच पट्टीत. भाची खोपटात तोंड फिरवून उभी होती. बिल्लेमास्तरांनी ओला हात कठड्यावर ठेवला. नियमाला अपवाद मागणाऱ्या पाहुण्यांना ते आजवर जे उत्तर देत आले होते, ते त्यांना पाठ होते.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि टॉवेल अंगावर फेकला. "माझ्या भावाला शिव्या घालायला तोंड आहे. एक हाक मारायला नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी ते तिकीटखिडकीत जाऊन बसले. पंखा खडखडला. पाठीमागे बोट सुटण्याची घंटा झाली, तेव्हा त्यांना राहवले नाही. ते उठून बाहेर आले. फळीवर नवे खिळे दिसत होते, आणि कप्तानाच्या गळ्यात दोरीने बांधलेला एक बिल्ला.

"उजवीकडचा खिळा वाकडा ठोकलाय!" ते धक्क्यावरून ओरडले.

"खिडकीत बसा, दाजी! गिऱ्हाईक उभं आहे!"

गिऱ्हाईक खरेच उभे होते, लाल चिखलाच्या बुटांसह. बिल्लेमास्तर आत गेले, समुद्राकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "बोटीवर जोडे काढायचे. आणि उतरताना बिल्ला लावायचा. हसू नका."